उसनवारी आणि उचलेगिरी

कलेच्या प्रांतात सर्वस्वी स्वतःच्या भांडवलावर व्यापार करणारा कोणी आजवर झालेला नाही. कालिदासाने शकुंतला व्यासांकडून घेतली. मोरोपंतांनी तर अवघे भारतच आर्येत उतरविले. म्हणून त्यांस कोणी चोर म्हटले नाही व म्हणणारही नाही. घेणाऱ्याने ज्याचे घेतले त्याचे नाव सांगावे, एवढीच ह्या व्यवहाराची अट असते. आणि ती इतकी स्वस्त आहे की, ती न पाळणाऱ्यास दारिद्र्याची सबब सांगता येत नाही.

ही अट एका जगप्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मोडली गेली. मोडली गेली ह्याचे आम्हांस फारसे नवल वाटत नाही. बाजारात असे प्रकार होतात. आम्हांस लेखणी उचलणे भाग पडले ते त्या ध्वनिमुद्रिकेच्या वकिलांमुळे. पन्नासाहून अधिक वर्षे उलटून गेल्यावरही चांगली शहाणीसुरती, वाचलेली माणसे त्या कृत्यास 'प्रेरणा', 'परंपरा', 'आदरांजली' अशी गोंडस नावे देतात आणि नाव सांगण्याचा आग्रह धरणाऱ्यास अरसिक ठरवितात. ह्या वकिलीचा परामर्श घेणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ध्वनिमुद्रिकेविषयी. 'लेड झेपेलिन' हा इंग्रज वाद्यमेळ १९६८ साली स्थापन झाला. गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट, बासवादक जॉन पॉल जोन्स व ड्रमवादक जॉन बॉनम असे चौघे त्यात होते. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका अमेरिकेत जानेवारी १९६९ मध्ये निघाली व दुसरी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. आम्ही बोलत आहो ते ह्या दुसरीविषयी. तिचे काम दौऱ्यांच्या धांदलीत, लंडन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क अशा निरनिराळ्या शहरांतून तुकड्यातुकड्यांनी झाले. तरीही तिने अमेरिकेतील विक्रीच्या यादीत बीटल्सच्या 'ॲबी रोड'ला पहिल्या स्थानावरून खाली आणले. आणि १९९९ सालापर्यंत तिला एकट्या अमेरिकेत १ कोटी २० लाख प्रतींच्या विक्रीचे प्रमाणपत्र मिळाले.

'हा सगळा गोंगाटच. त्यात चोरण्यासारखे असणार तरी काय?' असे म्हणून मोकळे होणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. पुढे हार्ड रॉक ह्या नावाने जे संगीत जगभर पसरले त्याची ठेवण ज्या मोजक्या ध्वनिमुद्रिकांनी ठरविली त्यांत हिची गणना होते, आणि ती यथार्थ आहे. विजेच्या गिटारचा आवाज ध्वनिवर्धकास पेलणार नाही इतका चढविला म्हणजे त्यास एक खरखरीत दाटपणा येतो. तो दोष न मानता त्यासच रंग मानावे, दोनचार सुरांचे एक लहानसे आवर्तन हट्टाने फिरवीत ठेवून त्यावर सारी इमारत उभारावी, आणि ड्रमने केवळ ताल न धरता गायकाशी बरोबरीने बोलावे, ही ह्या मंडळींची रीत. पहिलेच गीत 'होल लॉटा लव्ह' ऐकावे. मध्येच त्याचा बांध सुटतो. झांजांची किणकिण आणि थेरेमिन ह्या हात न लावता वाजणाऱ्या विद्युत्-वाद्याचा विव्हळ सूर एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे फिरू लागतो. आणि श्रोता पार दिङ्मूढ झाला असता ड्रमच्या काही आघातांसरशी गीत पुन्हा आपल्या मूळ आवर्तनावर येऊन आदळते. ही किमया पेज ह्यांची व मिश्रणाचे काम करणाऱ्या एडी क्रेमर ह्यांची आहे. ती कोणी त्यांच्याकडून हिरावून घेऊ म्हणेल तर आम्ही त्यांच्याच बाजूने उभे राहू.

परंतु गीत म्हणजे केवळ मिश्रण नव्हे. ह्या गीताचे शब्द पुष्कळ अंशी 'यू नीड लव्ह' ह्या गीतावरून आलेले आहेत. ते गीत विली डिक्सन ह्यांनी रचिले व मडी वॉटर्स ह्यांनी १९६२ साली गाइले. तबकडीवर मात्र नावे छापली ती पेज, प्लांट, जोन्स व बॉनम ह्यांची. 'द लेमन साँग' ह्या तिसऱ्या गीताचा मोठा भाग चेस्टर बर्नेट ऊर्फ हाउलिन वुल्फ ह्यांच्या १९६४ सालच्या 'किलिंग फ्लोअर'चा. तबकडीवर पुन्हा त्याच चौघांची नावे. 'ब्रिंग इट ऑन होम' ह्या शेवटच्या गीताचा आरंभ व शेवट पुन्हा डिक्सन ह्यांचाच. सनी बॉय विल्यमसन ह्यांनी ते गीत ज्या दबक्या आवाजात गाइले आणि ज्या ढंगाने त्यात हार्मोनिका वाजविली, त्याची हुबेहूब नक्कल येथे आहे. तबकडीवर नावे पेज व प्लांट ह्यांची. एकूण गीते नऊ. त्यांतील तिघांची ही कथा. उरलेल्या सहांतील 'रॅम्बल ऑन'मध्ये टोल्किन ह्यांच्या कादंबरीतील मॉर्डॉर आणि गॉलम ही नावे उघड येतात. ऑक्सफर्डच्या त्या प्राध्यापकाचे ऋण कोणापासून लपविण्याची गरज भासली नाही. मिसिसिपीच्या माणसाचे ऋण तेवढे लपले.

हे विली डिक्सन कोण, हे सांगणे अवश्य आहे. कारण ज्याचे नाव गाळले जाते तो मनुष्य नव्हताच, असे हळूहळू वाटू लागते. मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग येथे १९१५ साली त्यांचा जन्म झाला. गुलामीतून सुटलेल्या, परंतु माणुसकीच्या हक्कांस वंचित राहिलेल्या कृष्णवर्णीयांच्या ज्या पिढ्या दक्षिणेतील कापसाची शेते सोडून उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरी गेल्या, त्यांपैकीच एका पिढीतले ते. शिकागोत ते प्रथम मुष्टियोद्धे म्हणून गाजले. दुसऱ्या महायुद्धात, ज्या राष्ट्रात आपल्या लोकांस माणूस म्हणून वागविले जात नाही त्या राष्ट्राकरिता आपण शस्त्र धरणार नाही, असे सांगून त्यांनी तुरुंगवास पत्करिला. पुढे शिकागोच्या 'चेस' ह्या ध्वनिमुद्रण-कंपनीत ते बास वाजवीत, इतरांची ध्वनिमुद्रणे बसवीत आणि गीते रचीत. मडी वॉटर्स व हाउलिन वुल्फ ह्यांच्या कंठांतून जगाने जी गीते ऐकिली त्यांतील कितीतरी ह्या एका माणसाची आहेत. ब्लूज म्हणजे कोणा अज्ञात रानफुलाचा वास, असे ज्यांस वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे की, ह्या फुलांचा माळी होता आणि त्यास नाव होते.

आता वकिलांकडे वळू. त्यांचे पहिले म्हणणे असे की, ब्लूज ही लोकपरंपरा आहे. तीत प्रत्येकजण मागल्याचे घेऊन पुढल्यास देतो. स्वतः डिक्सन ह्यांनी तरी दुसरे काय केले? ह्या म्हणण्यातील पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. ओव्या, लावण्या, भारुडे ह्यांवर वाढलेल्या समाजास लोकपरंपरा म्हणजे काय हे समजावून द्यावयास नको. परंतु जात्यावर बसून आजीची ओवी गाणारी नात त्या ओवीवर आपल्या नावाची मोहर उठवीत नाही, आणि पुढे कोणी ती गाइली तर त्याच्याकडून पैसे वसूल करीत नाही. सार्वजनिक पाणवठ्यावरून घागर भरून नेण्यास कोणाचीच हरकत नसते. पाणवठ्यास कुंपण घालून त्यावर आपली पाटी लावणे ही गोष्ट निराळी. गीतकार म्हणून तबकडीवर नाव छापणे ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे; ज्याचे नाव छापले जाते त्याच्याकडे प्रत्येक प्रतीमागे आणि प्रत्येक प्रक्षेपणामागे कायद्याने पैसा वाहू लागतो. तेव्हा गीत परंपरेचे असेल तर ते कोणाच्याच मालकीचे नव्हे, आणि मालकीचे असेल तर ते ज्याचे त्याचे. घेताना परंपरा आणि विकताना मालकी, हे दोन्ही दावे एकाच तोंडाने करता येत नाहीत.

दुसरे म्हणणे अज्ञानाचे. तरुण पोरे होती, कोणते गीत कोणाचे हे त्यांस काय ठाऊक? ह्या सबबीस खुद्द त्यांचीच पहिली ध्वनिमुद्रिका उत्तर देते. अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी निघालेल्या तिच्यात 'यू शूक मी' व 'आय कान्ट क्विट यू बेबी' ही दोन गीते आहेत, आणि त्यांवर विली डिक्सन हे नाव छापलेले आहे. तिच्यातीलच आणखी एका गीतावर 'पारंपरिक' असा शेरा आहे. ते गीत वस्तुतः ॲन ब्रेडन ह्या हयात बाईंनी रचिलेले निघाले आणि त्यांचे नाव तेथे १९९० साली आले, हा भाग निराळा. सांगण्याचा मुद्दा एवढाच की, दुसऱ्याचे नाव कसे छापावे हे ह्या मंडळींस जानेवारीत ठाऊक होते, आणि नाव ठाऊक नसल्यास 'पारंपरिक' म्हणावे हेही ठाऊक होते. ऑक्टोबरात त्यांनी दोहोंपैकी एकही केले नाही. नऊ महिन्यांत माणसाचे ज्ञान इतके घटते, हे कोणत्याही वैद्यकात आम्ही वाचलेले नाही.

तिसरे म्हणणे असे की, त्या काळी सगळेच असे करीत. 'स्मॉल फेसेस' ह्या इंग्रज मेळाने हेच डिक्सन ह्यांचे गीत १९६६ साली किंचित बदललेल्या नावाने आपल्याच नावावर छापले होते, हे खरे. परंतु 'सगळेच' हा शब्द खरा नाही. 'रोलिंग स्टोन्स'नी १९६४ साली 'लिटल रेड रूस्टर' गाइले, ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्यावर डिक्सन ह्यांचे नाव होते. 'क्रीम' ह्या मेळाने १९६६ साली 'स्पूनफुल' गाइले; त्यावरही डिक्सन ह्यांचे नाव होते. ह्या दोघांची कीर्ती त्यामुळे तसूभरही उणावली नाही. एकाच गल्लीतील दोन सावकार चोख हिशेब ठेवीत असता तिसऱ्याने 'आमच्या गल्लीची रीतच अशी' असे म्हणणे शोभत नाही.

चौथे म्हणणे आदरांजलीचे, आणि तेच आम्हांस सर्वांत असह्य वाटते. 'ब्रिंग इट ऑन होम'मधील नक्कल ही त्या जुन्या कलावंतास केलेला नमस्कार होय, असे सांगण्यात येते. नमस्कार असेल, पण तो कोणास? सनी बॉय विल्यमसन १९६५ सालीच वारले होते. त्यांनी हा नमस्कार पाहिला नाही. आणि ज्या लक्षावधी गोऱ्या तरुणांनी ती तबकडी विकत घेतली त्यांस, येथे कोणास तरी नमस्कार घडत आहे, हे कळण्यास तबकडीवर काहीच साधन नव्हते. देवाचे नाव पुसून टाकलेल्या देवळात केलेली पूजा शेवटी पुजाऱ्यासच पोहोचते. हेच काम किती सोपे होते ते ह्याच मेळाने पुढे दाखविले. त्यांच्या १९७२ सालच्या मैफलींचे ध्वनिमुद्रण २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात ह्या गीताचे दोन भाग पाडून जुना भाग डिक्सन ह्यांच्या नावे आणि मधला नवा भाग स्वतःच्या नावे मांडलेला आहे. इतका न्याय्य तोडगा चौतीस वर्षांनी सुचला!

तो आपोआप सुचला असे मात्र नाही. चेस कंपनीची 'आर्क म्युझिक' ही प्रकाशनसंस्था १९७२ साली 'द लेमन साँग' व 'ब्रिंग इट ऑन होम' ह्यांकरिता दाद मागण्यास उभी राहिली, तेव्हा प्रकरण आपसांत मिटविण्यात आले. 'होल लॉटा लव्ह'करिता डिक्सन ह्यांना स्वतः १९८५ साली न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९८७ साली तडजोड झाली आणि त्यांचे नाव त्या गीतावर आले. तेव्हा डिक्सन ह्यांचे वय सत्तरीपलीकडे गेले होते. १९९२ साली ते निवर्तले. हाउलिन वुल्फ तर १९७६ सालीच गेले होते. येथे वकील असे सुचवितात की, खरे लुटारू म्हणजे शिकागोचे प्रकाशकच. प्रकाशकांविषयी आमचे मत त्यांच्याहून वेगळे नाही. डिक्सन व मडी वॉटर्स ह्यांना आपल्या कमाईच्या हिश्शाकरिता १९७७ साली खुद्द आर्क म्युझिकवरही फिर्याद करावी लागली होती. परंतु घरमालकाने भाडेकऱ्यास नागविले म्हणून वाटसरूस त्याच्या खोलीतले भांडे उचलून नेण्याचा परवाना मिळत नाही. ज्यास एकाने लुटले त्याच्यापाशी दुसऱ्याने अधिकच जपून वागावे, हा साधा माणुसकीचा धडा होय.

आमच्या ह्या लिहिण्यावरून, दोन गीतांत कोठे सारखेपणा दिसला की चोरीची आरोळी ठोकावी, असे मात्र कोणी समजू नये. ह्याच मेळाच्या 'स्टेअरवे टू हेवन' ह्या १९७१ सालच्या गीतावर 'स्पिरिट' ह्या मेळाच्या एका रचनेवरून ते उचलल्याचा आरोप आला होता. २०१६ साली ज्यूरीने तो अमान्य केला व २०२० साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय उचलून धरिला. आमच्या मते हा निकाल योग्य आहे. पायरीपायरीने उतरत येणारी स्वरावली ही भूप रागाच्या आरोहासारखी सर्वांची आहे; तीवर कोणाची नोंद होऊ शकत नाही. परंतु एका विशिष्ट माणसाने एका विशिष्ट गीतात जोडलेली विशिष्ट शब्दरचना ही सर्वांची नव्हे. हा भेद न्यायालयाच्या ज्यूरीतील सामान्य नागरिकांस समजतो; तो रसिकांस समजू नये, ह्याचे वैषम्य वाटते.

हा नावाचा आग्रह पाश्चात्त्य कायद्याने शिकविलेला कोरडा व्यवहार आहे, असेही कोणी म्हणतात. ते आमच्या स्वतःच्या घराकडे पाहात नाहीत. कीर्तनकार शेकडो वर्षांपूर्वीचा अभंग गातो तेव्हा शेवटच्या चरणातील नाममुद्रा तो कधी गाळीत नाही. आमच्याकडील लबाड कवी करी ते उलटेच: स्वतःचे कवित्व तो तुकोबांच्या नावावर खपवी, तुकोबांचे आपल्या नावावर खपविण्याची त्याची छाती नव्हती. आमच्या रंगभूमीचे उदाहरण तर ह्याहून बोलके आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'चे पुस्तक उघडावे. पदांच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याची नोंद आढळते; ते मूळ लावणी असो, कानडी पद असो, की गवयाची चीज असो. ह्या नोंदीने सौभद्राची गोडी कमी झाली असे १८८२ सालापासून आजवर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. आगरकरांनी 'विकारविलसित' लिहिले तेव्हा ते शेक्सपीअरच्या हॅम्लेटचे भाषांतर होय असे पुस्तकाच्या नावातच सांगितले. त्यांची विद्वत्ता त्याने झाकोळली नाही. पुढे ही चाल आमच्याकडेही पुष्कळांनी सोडली, हे आम्ही नाकारीत नाही. पण सोडली ती चांगलीच चाल होती.

ह्या प्रकरणाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९७२ साली पेज व प्लांट मुंबईस आले असता त्यांनी आपली दोन गीते येथील वादकांच्या साथीने ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली २०१५ साली, म्हणजे ४३ वर्षांनी. गीतांच्या शीर्षकांपुढे शब्द आहेत 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. साथीदारांचा उल्लेख शीर्षकातच केला हे चांगलेच झाले, आणि तेवढे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. तथापि ते नाव शहराचे आहे, माणसांचे नव्हे. ते वाचताना आमच्या मनात प्रश्न उभा राहतो तो परक्यांविषयी नसून आपल्याविषयी आहे. आपल्या चित्रपटांच्या गाण्यांत सारंगी, व्हायोलिन, तबला वाजविणारी जी शेकडो माणसे ह्या शहरात आयुष्यभर राबली, त्यांतील किती जणांची नावे आपण तबकड्यांवर छापली? ज्यांची गाणी घरोघरी पाठ आहेत त्यांचे साथीदार घरोघरी अनाम आहेत. तेव्हा लंडनच्या चोरीवर ताशेरे ओढताना मुंबईच्या विस्मरणाकडे डोळेझाक करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. दोहोंचे मूळ एकच आहे: ऐकणाऱ्यास गाणे हवे असते आणि गाण्यामागील माणूस नको असतो.

म्हणून आमचे मागणे ऐकणाऱ्यापाशीच आहे. ही ध्वनिमुद्रिका घरातून हद्दपार करा असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे डिक्सन ह्यांच्या शब्दांवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होईल. घरातील तरुण मुले ती ऐकत असतील तर खुशाल ऐकू द्यावी, वडीलधाऱ्यांनीही बसून ऐकावी. त्यानंतर मडी वॉटर्स ह्यांचे 'यू नीड लव्ह' आणि हाउलिन वुल्फ ह्यांचे 'किलिंग फ्लोअर' लावावे, आणि मुलांस दोन्ही माणसांची व विली डिक्सन ह्यांची नावे सांगावी. ज्याचे कान शाबूत आहेत त्यास तेथल्या तेथे कळेल की, इंग्रज तरुणांनी आपले म्हणून किती घातले, आणि किती आयते घेतले. दोन्ही मापे पुष्कळ मोठी आहेत. पहिल्याबद्दल त्यांस मान मिळाला, पैसा मिळाला, आणि तो मिळणे रास्त होते. दुसऱ्याबद्दल एक ओळ छापावयाची होती, तीही अठरा वर्षे छापली गेली नाही.

घेतलेले ऋण फेडता आले नाही तर निदान ते कबूल करावे, एवढा व्यवहार आपल्याकडील अगदी बेताच्या ऐपतीचा गृहस्थही पाळतो. थोर कलावंतास त्याहून खालची पायरी कोणी आणि कशाकरिता नेमून दिली, ह्याचा खुलासा त्याच्या वकिलांनी करावा. तो आम्ही ह्याच मासिकाच्या पृष्ठांत आनंदाने वाचू.